साडूंचा रिव्हर व्ह्यू

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कर्ज काढणारी माणसं पायलीची पन्नास मिळतील, पण कर्जावर आमच्या थोरल्या साडूंइतकं निर्मळ प्रेम करणारा माणूस दुसरा झाला नाही. लोक ऋण काढून सण करतात. साडू ऋण काढून शेअर घेत, प्लॉट घेत, आणि घेऊन झालं की घरी सण असल्यासारखे पेढे वाटत. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते सुपरवायझर. पगार वेळेवर, तब्येत ठणठणीत, व्यसन सुपारीचंसुद्धा नाही. पण स्वतःच्या पैशाने काही विकत घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. "स्वतःच्या पैशाने कोणीपण घेईल हो साडू, त्यात डोकं कुठे लागलं?" असं ते मला विचारत.

मी पडलो रिकरिंगवाला. पगार झाला की ठरलेली रक्कम बँकेत, त्यात कधी खंड नाही. माझ्या या सवयीची त्यांना मनापासून कीव येई. मी एकदा 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणालो, तर म्हणाले, "साचेल ना! पण तोवर आपल्याला तहान राहिली पाहिजे." अंथरूण पाहून पाय पसरावेत, यावरही त्यांचं उत्तर तयार होतं. अंथरूणच मोठं घ्यायचं, हप्त्यावर. दर सोमवारी आम्ही दोघं शिवमंदिरात जायचो, तिथे तर ते थेट देवाचाच दाखला देत. "नवस म्हणजे काय हो? आधी फळ, मग नारळ. देव उधारीवर काम करतो, मग बँकेला काय धाड भरली?"

एकदा त्यांनी मला मोटारसायकलवर बसवून बदलापूरच्या पुढे, नदीकाठी कर्जाने घेतलेला प्लॉट दाखवायला नेलं. पावसाळ्याचे दिवस. प्लॉटच्या जागी पाणी आणि पाण्यात कोणाच्या तरी म्हशी. साडूंनी हेल्मेट काढलं, लांबवर नजर टाकली आणि म्हणाले, "रिव्हर व्ह्यू!"

"व्ह्यू कसला दादा, नदीच हाय ही," म्हशीवाला म्हणाला. साडूंनी त्यालाही पेढा दिला.

बदलापुरात कात्रपला आमच्या बिल्डिंगमध्ये माझी बायको भिशी चालवते. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे घालायचे, ज्याची चिठ्ठी निघेल त्याने सगळे उचलायचे. मला शेवटचा नंबर आवडतो, साडूंना पहिला हवा. त्यांची चिठ्ठी मात्र पहिली कधी निघालीच नाही. मग ते उल्हासनगरहून मसाला पापडांचे पुडे आणि मिठाई आणत आणि ज्या बाईचा नंबर लागला असेल तिच्या दारात जाऊन तो बदलून मागत. बिल्डिंगमधल्या बायका साडूंच्या पापडांची वाट पाहायच्या.

मग त्यांनी शेअर घ्यायला ताईच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, पाटल्या गहाण ठेवल्या. त्या माझ्या सासूबाईंच्या. त्यांनी शेवटच्या आजारात स्वतःच्या हातातून काढून थोरल्या लेकीच्या हातात घातल्या होत्या. "दिवाळीच्या आत दुप्पट," साडू म्हणाले. शेअर दिवाळीच्या आत निम्मे झाले. ताई काचेच्या बांगड्या घालून हळदीकुंकवाला येऊ लागली आणि कोणी विचारलं तर सांगायची, "सोन्याने हल्ली अंगाला खाज सुटते गं." बायका माना डोलवत आणि एकीचाही विश्वास बसत नसे. त्यातच नोटीस आली: महिनाअखेरीपर्यंत पैसे भरा, नाहीतर पाटल्या लिलावात जातील. मी माझं रिकरिंग मोडायला निघालो, तर साडूंनी हात धरला. "तळ्याला हात लावायचा नाही, साडू." दुसऱ्याचा पैसा नाकारताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

त्याच महिन्यात नवी भिशी सुरू झाली. बायकोने कुकरच्या डब्यातून चिठ्ठी काढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पहिलं नाव साडूंचं निघालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. साडू मात्र खाली बघत म्हणाले, "मला शेवटचा नंबर द्या. हातात पैसा आला की माझाच मला भरवसा नाही."

"अहो घ्या! बिनव्याजी आहे. आधी पाटल्या सोडवा, मग फेडत बसा!" मी ओरडलो. जन्माचा रिकरिंगवाला मी उधारीचे गुण गात होतो आणि साडू मान हलवत म्हणत होते, "नको. उधारी ती उधारीच."

शेवटी ताई उठली. "त्यांना स्वतःचा भरवसा नाही ना? मला माझा आहे. द्या इकडे." दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षाने गेली आणि पाटल्या हातात घालूनच परत आली. त्या दिवसापासून तिची खाज बंद झाली.

साडू आता भिशीचा हप्ता सगळ्यांच्या आधी आणून देतात आणि रिकरिंगला व्याज किती, असं मला विचारतात. मला आनंद व्हायला हवा, पण वाईटच वाटतं. परवाच्या सोमवारी शिवमंदिरात त्यांनी आधी नारळ वाढवला आणि मग हात जोडले. काय मागितलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "काही नाही. आधी जमा करून ठेवू." मला राहवेना. तिथून मीच त्यांना मोटारसायकलवर बसवून नदीकाठी नेलं. यंदाही पाणी होतं, म्हशी होत्या. साडूंनी हेल्मेट काढलं, लांबवर नजर टाकली.

"नदीच आहे ही," ते म्हणाले.

पाटल्या ताईच्या हातात आहेत, याहून मला काही नको. पण तेव्हा मला माझ्या जुन्या साडूंची अशी काही आठवण आली की मी घाईघाईने म्हणालो, "छे हो! रिव्हर व्ह्यू आहे."