मालकाच्या रकान्यातलं नाव

यमराज न्यायला आले तरी माझ्या बायकोचे मामा आधी रेड्याच्या पासिंगचा कागद मागतील आणि तारीख उलटलेली असली तर त्यांना दारातूनच परत पाठवतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. कुवेतमध्ये आम्ही सगळेच परदेशी कागदांच्या मुदतीवर जगतो, पण आम्ही ते नाइलाजाने करतो. मामा आवडीने करतात. लोकांना नातेवाइकांचे वाढदिवस पाठ असतात, मामांना त्यांच्या सिव्हिल आयडी संपायच्या, म्हणजे इथल्या ओळखपत्रांच्या, तारखा पाठ आहेत. आमच्या मुलीच्या नवव्या वाढदिवसाला त्यांनी तिला बारा कप्प्यांची प्लास्टिकची फाइल दिली आणि तिचा पासपोर्ट कधी संपतो ते विचारलं. ती म्हणाली, "मामाआजोबा, आय ॲम ओन्ली नाइन." यावर, मग तो पाचच वर्षांच्या मुदतीचा असणार, जास्तच लक्ष ठेवायला हवं, असा मामांनी निर्वाळा दिला. गणपतीत ते आमच्या मंगफच्या फ्लॅटवर आले, तेव्हा जिन्यातल्या आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख त्यांनी चष्मा लावून वाचली. ती उलटलेली निघाली. मग इमारतीच्या राखणदाराला वर बोलावून हिंदीत समज देईपर्यंत आरती खोळंबली आणि कापूर दुसऱ्यांदा पेटवावा लागला.

मामा मूळचे कराडचे. अब्बासियात चौघांत मिळून एक फ्लॅट घेऊन राहतात आणि ट्रेला, म्हणजे मालाचा लांबलचक ट्रेलर, चालवतात. अवघा कुवेत ज्याला ट्रेला म्हणतो त्याला मामा मात्र 'वाहन' म्हणतात, आणि चपला काढल्याशिवाय केबिनमध्ये पाऊल ठेवत नाहीत. आता गंमत अशी, की या वाहनाचे मालक स्वतः मामाच आहेत. ही गोष्ट अब्बासियापासून मंगफपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ती फक्त कागदांना. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथे स्वतःच्या नावाने माल वाहण्याचा परवाना मिळत नाही. म्हणून नोंदणी एका वाहतूक कंपनीच्या नावावर, परवाना त्या कंपनीचा, दारावर रंगवलेलं नाव कंपनीचं, आणि मामा त्या कंपनीचे पगारी चालक. जन्मभराची कमाई घालून घेतलेली स्वतःची गाडी ते रोज दुसऱ्याची म्हणून चालवतात. आमच्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत त्यांची ओळख 'ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहेत' अशी करून दिली जाते, आणि पाठ वळली की तीच मंडळी 'म्हणजे ड्रायव्हरच' असं म्हणून श्रीखंडाकडे वळतात. मीही त्यातलाच. दुसऱ्याच्या कागदांत खोट काढणाऱ्या गृहस्थाचा स्वतःचा मुख्य कागदच खोटा, ही संधी मी काय सोडणार? कंपनीने उद्या गाडी विकायला काढली तर तुम्ही कुठला कागद दाखवाल, असं मी त्यांना दर भेटीत विचारायचो. मामा ऐकू न आल्यासारखं करायचे आणि माझ्या लायसन्सची चौकशी करायचे.

माझी नोकरी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत माल पोचवणाऱ्या एका ठेकेदाराकडे. गेटातून आत जाणाऱ्या गाड्यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. गेल्या वर्षी गेटपासच्या नूतनीकरणाच्या गठ्ठ्यात मामांच्या गाडीचा फॉर्म आला. अक्षर छापल्यासारखं, विमा, पासिंग, टायर, सगळ्या तारखा बिनचूक. आणि मालकाच्या रकान्यात कंपनीऐवजी मामांचं नाव, वडिलांच्या नावासकट. मला आधी हसू फुटलं, मग घाम. हा फॉर्म पुढे गेला असता तर कंपनीच्या परवान्याआड परदेशी माणूस धंदा करतो हे त्यांच्याच हस्ताक्षरात सिद्ध झालं असतं. गाडी जप्त आणि मामा कायमचे कराडला. आणि गठ्ठा तर दुपारपर्यंत वर पाठवायचा होता. मी फोन करून त्यांना तातडीने बोलावून घेतलं आणि ते येईपर्यंत चांगल्या तीन-चार कोट्या तयार करून ठेवल्या.

मामा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. फॉर्म त्यांच्यापुढे सरकवून मी म्हटलं, "मामा, नेमकी तुमच्याच हातून चूक?"

त्यांनी फॉर्म वाचला, पुन्हा वाचला.

"चूक न्हाई, जावईबापू. अकरा वर्सं त्या रकान्यात कंपनीचं नाव लिवतोय. औंदा हातानं ऐकलं न्हाई."

कोट्या बाजूला ठेवून मी कोरा फॉर्म दिला. त्यांनी तो सावकाश भरला, मालकाच्या रकान्यात कंपनीचं नाव लिहिलं, स्पेलिंग दोनदा ताडून पाहिलं आणि खाली 'चालक' छापलं होतं तिथे सही केली. जुना फॉर्म त्यांना द्यावा असं मला फार वाटलं. तो मी घडी घालून त्यांच्यापुढे धरला, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

"रद्द झाल्याला कागद कुनाला द्यायचा नसतो," ते म्हणाले. "फाडा."

त्यांच्यासमोर मी तो फाडला. त्या दुपारी त्यांची गाडी गेटातून आत गेली, सगळे कागद चोख. इतकी वर्षं मी लोकांचे कागद तपासून पगार घेतो आहे. त्या दिवशी माझ्या टेबलावर एकच खरा कागद आला होता, आणि तोच मी नापास केला.