पाय नसलेला शेतकरी

मुंबई राज्यातला सगळ्यांत नावाजलेला शेतकरी परळच्या एका कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत होता. सरकारला हे ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं आहे असं सरकारला कधी वाटलं नाही.

त्याचं नाव लहू पाष्टे. रुंद छाती, भरघोस मिशा आणि लालबागच्या खानावळीत दोन्ही वेळ पोटभर जेवून अंगावर आलेली तुकतुकी. दादरचे चित्रकार चिंतामणी सरकारी पोस्टरं रंगवायचे. त्यांनी आधी एक खराखुरा शेतकरी स्टुडिओत आणून बसवला होता. त्याला बघून खात्याचे साहेब कळवळून म्हणाले, "हा फार वाळलेला आहे हो. लोकांना वाटेल, आपलं धोरणच चुकलं." तेव्हापासून शेतकरी म्हणजे लहू.

पहिलं पोस्टर 'धान्य अधिक पिकवा'चं. त्यात लहू डोक्यापासून पायापर्यंत होता. नांगर नाटक कंपनीकडून आणलेला आणि पायांना फासलेला चिखल मागच्या तुळशीच्या कुंडीतला. लहूला हसू आवरेना. खाडीपलीकडे त्याच्या गावी, वेळशेतला, त्याची बायको राधा त्याच दिवसांत पोटऱ्यांपर्यंत खऱ्या चिखलात उभी होती. लावणीला आणि कापणीला लहू रजा काढून जायचा. बाकी वर्षभर शेत तिचं. कूळ म्हणून नाव मात्र लहूचं. अधिक पिकवा म्हणणाऱ्या सरकारने पीक आल्यावर लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीची, माणसं पाठवली आणि राधाच्या कणगीतलं भात उचलून नेलं. पोस्टर चावडीवर तसंच हसत राहिलं.

शेताचे मालक कमलाकांत, ठाकूरद्वारचे भाऊसाहेब. त्यांच्या आजोबांनी ते लिलावात घेतलेलं. भाऊसाहेबांनी आपलं शेत फक्त नकाशात पाहिलं होतं. पण राजकारण त्यांना डोळे मिटूनही दिसायचं. शेतीचा कायदा येतोय असं कानावर आलं, की कायदा करणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या आठवड्यात ठाकूरद्वारला जेवायला असायचं. तळलेला सरंगा, वर केशरी श्रीखंड. असं जेवू घालता घालता भाऊसाहेब शेतीच्या सल्लागार कमिटीत जाऊन बसले.

मग कुळकायदा गाजू लागला. चिंतामणींनी मोठ्या हौसेने पोस्टर काढलं: वर 'कसेल त्याची जमीन', खाली नांगरावर हात ठेवून उभा लहू. ते बघायला म्हणून लहू गेला, तर चिंतामणी मास्तर हातात पांढरा रंग घेऊन बसलेले.

"काय झालं, मास्तर?"

"वरून अट आली रे. 'मालकाला स्वतः कसायची नसल्यास' एवढं घालायचंय. जागा नाही. तुझे पाय काढतो."

पुढच्या खेपेला 'देखरेख करणे म्हणजेही स्वतः कसणे' अशी ओळ आली आणि लहूचे गुडघे गेले. मग फळबागांना सूट, ऊसवाल्यांना सूट, आणखी कुणाकुणाच्या पाहुण्यांना सूट. जेवणावळी वाढत गेल्या तसा लहू खालून कमी होत गेला. राज्य द्वैभाषिक झाल्यावर त्याच्या डोक्यावर गुजराती पागोटंही चढलं. गुजराती पोस्टरवरही तो कमरेपर्यंतच होता. लहूला याचं काही वाटत नव्हतं. तोंड शाबूत होतं, आणि लोक तोंडच बघतात, अशी त्याची समजूत.

एके दिवशी मजकूर पसंत करायला खुद्द भाऊसाहेब स्टुडिओत आले. लहूकडे बघून म्हणाले, "वा! शेतकरी असावा तर असा!"

लहूला राहवलं नाही. तो उठला, पाया पडला. "भाऊसाहेब, मी तुमचंच कूळ. येळशेतचा पाष्टे."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "असं? म्हणजे तू मुंबईत असतोस?"

"गिरणीत हाय ना!"

"छान, छान," भाऊसाहेब म्हणाले.

मालकाने किती आपुलकीने विचारपूस केली, हे लहूने त्या संध्याकाळी अख्ख्या चाळीला सांगितलं. इतका भाबडेपणा माणसाला परवडत नाही, पण ते त्याला सांगणार कोण?

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबागच्या मोर्च्यात 'झालाच पाहिजे' ओरडताना लहूने पाठीवर लाठी खाल्ली होती. मुंबई महाराष्ट्राला दिली तर धंदा बुडेल, असं भाषण भाऊसाहेबांनी गिरगावात त्याच सुमारास ठोकलं होतं. पण निवडणूक आली, वारं कुठून वाहतंय ते त्यांनी ओळखलं आणि त्याच कोटाला समितीचा बिल्ला लागला. चिंतामणींनी समितीसाठीही एक पोस्टर केलं. त्यात मूठ वळलेला कष्टकरी होता, आणि तो लहूच होता. मतं पडली. पाठोपाठ कुळं जमिनीची मालक झाल्याचा दिवस उजाडला. सरकारला मुहूर्तसुद्धा एक एप्रिलचा मिळाला.

भाऊसाहेबांचा अर्ज त्याआधीच पडला होता: कूळ मुंबईत राहतं, शेत कसत नाही, जमीन आम्ही स्वतः कसणार.

तालुक्याच्या कचेरीत मामलेदारांपुढे सुनावणी लागली. भिंतीवर 'कसेल त्याची जमीन'चं पोस्टर होतं. लहू मिशांना तेल लावून गेला आणि मुद्दाम पोस्टरच्या बरोबर खाली बसला. सरकारचाच शेतकरी आपण, सरकार आपल्याला ओळखणार नाही तर कुणाला?

सरकारने ओळखलं. भाऊसाहेबांच्या वकिलाने आधी पोस्टरकडे बोट केलं, मग लहूकडे. "साहेब, हा इसम दादरला चित्रासाठी बसतो आणि परळला गिरणीत पगार घेतो. पोस्टरच साक्षीला आहे. हा कसतो कधी?"

मागून राधा उठली. "मी कसते. गावात कुणालाबी इचारा."

"कूळ म्हणून नाव कुणाचं?" वकिलाने विचारलं.

"ह्यांचं."

"मग बसा."

घरच्या माणसांनी कसलं तरी ते कुळाचंच कसणं, असं कायद्यात लिहिलेलं होतं. पण ते पान उलटायची मामलेदारांना सवड नव्हती. भाऊसाहेबांची मोटार बाहेर उभी होती आणि जेवायची वेळ झाली होती. ज्यांनी जन्मात बूट काढून बांधावर पाय ठेवला नाही, ते भाऊसाहेब त्या दुपारी शेतकरी ठरले. राधा विळा, कोयता आणि एक ट्रंक घेऊन परळच्या खोलीत राहायला आली. विळ्याचं परळमध्ये काय करायचं, हे तिलाही माहीत नव्हतं.

पुढे चिंतामणींचा निरोप आला. नवं धोरण, सहकारी शेती. वेळशेतच्या सोसायटीचे अध्यक्ष भाऊसाहेब. लहू आधी न्हाव्याकडे गेला. मिशा सफाचट करून स्टुडिओत उभा राहिला. "मास्तर, आता मी बसायचा नाय. दुसरा शेतकरी बगा."

चिंतामणी त्या उघड्या ओठाकडे बघून हसले. "अरे, बसू नकोस. आता नुसता चेहरा लागतो, आणि तो माझ्याकडे आहे."

आठवड्याभरात चाळीच्या भिंतीवर पोस्टर लागलं. खाली अटीच अटी, आणि त्यांच्यावर तरंगणारं लहूचं मिशाळ, हसरं डोकं. राधाने तांब्यातलं पाणी मारून कडा भिजवल्या, पोस्टर न फाटता अलगद सोडवलं आणि कठड्यावर वाळत घातलं. संध्याकाळी तिने ते घडी करून रेशनच्या तांदळाच्या डब्यावर, तोंड खाली करून, झाकण म्हणून घातलं. आयुष्यभर भात पिकवणारी ती बाई तो खडे भरलेला तांदूळ रोज निवडायची.

लहूला ते बघवेना. "फाडून टाक की गो," तो म्हणाला.

"कशाला? कागद जाड हाय," राधा म्हणाली. "सरकारनं तेवढं तरी धड दिलंय."