पहिल्या मजल्यावरचे गुडघे

गुडघा वाकेनासा झाला की माणसाची जीभ फार सुटते! पाय मशीनला जोडलेला, हलायचं नाही, वाचायला जुनी कन्नड मासिकं. मग बोलणार नाही तर काय करणार? नव्वदच्या दशकात मी बेळगावहून बंगळुरात आले आणि जे. पी. नगरच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले. तेव्हाचे किस्से इतके साठलेत की कुठून सुरुवात करू कळत नाही.

क्लिनिक गुडघ्यांचं, आणि तेही पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही! पेशंट कुरकुरायचे. आमचे डॉक्टर शांतपणे म्हणायचे, "माझी अर्धी तपासणी जिन्यातच होते."

•

बँकेतले एक कुलकर्णी होते. ऑफिसच्या मॅचमध्ये लिगामेंट फाटलेलं. "फास्ट बोलिंग टाकताना गुडघा गेला," असं ते प्रत्येक पेशंटला सांगायचे, आणि दर खेपेला त्यांचा रनअप थोडा लांबायचा.

एकदा बायको सोबत आली. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आदरानं विचारलं, "वहिनी, विकेट तरी मिळाली का?"

"कसली विकेट! टी-ब्रेकला सगळ्यांच्या आधी धावले, तिथं घसरले. भजी मात्र मिळाली!"

•

कॉलेजात शिकवणारे एक जोशी होते. आमच्याकडे येण्याआधी ते एका गावठी वैद्याकडून गुडघा बांधून आले होते. झाडपाल्याचा लेप, आणि त्यात अंडं. घरी आई कडक सोवळ्याची. तिनं मुलाला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही, ताट व्हरांड्यात! बिचारे भर उन्हाळ्यात बाहेर बसून ओरडायचे, "अगं, अंडं गुडघ्यानं खाल्लंय, मी नाही!"

आमच्याकडे आले ते हात जोडूनच. "मॅडम, काय वाट्टेल ते करा, फक्त शाकाहारी करा!"

•

सुशीलाअक्कांची आठवण आली की अजून जीव गलबलतो. कित्येक पिढ्या बंगळुरात काढलेलं घर. त्यांना गुडघ्याच्या मागे, खोबणीत, लिंबाएवढी गाठ आली होती. महिनाभर कुणाला सांगितलं नाही. मनाशी ठरवूनच टाकलं, हा कॅन्सरच, आता आपलं संपलं. डॉक्टरांसमोर बसल्या तेव्हा पदर ओला झाला होता.

डॉक्टरांनी तपासलं आणि हसले. गुडघ्यातलंच पाणी मागच्या बाजूला पिशवीसारखं साठलं होतं, बाकी काही नाही.

अक्कांनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "आता का रडता?"

"सरी, सरी, बरं, रडत नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण ताई, सगळ्या रेशमी साड्या सुनांना वाटून टाकल्या की हो! आता परत कशा मागू?"

•

आता दत्तोबांचं सांगते. चिकपेटेच्या बाजारात साड्यांच्या एका जुन्या दुकानात ते सेल्समन होते. त्या दुकानांत पांढरीशुभ्र गादी अंथरलेली असते. विकणारा मांडी घालून बसतो आणि समोर साड्यांच्या घड्या उलगडत जातो. दत्तोबांनी उभा जन्म त्या गादीवर काढलेला. स्कूटरवरून पडले, गुडघा आपटला, आतलं मागचं लिगामेंट अर्धवट फाटलं. चालायला येत होतं, पण पाय दुमडला की गुडघ्याच्या मागे कळ उठायची. डॉक्टरांनी बजावलं, सध्या मांडी बंद.

"बंद कशी करू, ताई? आमच्यात मांडी गेली की गादी गेली. मग मागच्या गोडाऊनमध्ये गठ्ठे बांधायचे." साडी दाखवताना स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून "अक्का, हे बघा" म्हणणारा माणूस तो. गोडाऊनमध्ये तो कुणाला पदर दाखवणार? मालकांना त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. दात आवळून मांडी घालायचे आणि दुपारी गुपचूप आमचा जिना चढायचे. मला त्यांचा फार राग यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

आणि मग एक दिवस त्या दुकानाचे मालकच जिना चढून आले! वयस्कर, धोतर नेसलेले. दुकानात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांचंही दुखणं गुडघ्याच्या मागेच, झिजेचं. "ताई, आमच्या दुकानात कळता कामा नये," ते म्हणाले. "पोरं लगेच म्हणतील, अण्णा, आता घरी बसा." दोघांना वेगवेगळे वार दिले आणि गप्प बसले.

पण एका शनिवारी, म्हणजे दत्तोबांच्या वारी, अण्णा हजर! आत दत्तोबा पडलेले. मी घाईनं मधला पडदा ओढला आणि अण्णांना दुसऱ्या टेबलावर झोपवलं. पाय जरा दुमडला तसे अण्णा कळवळले, "अम्मा!"

पडद्यापलीकडून सवयीनं आवाज आला, "काय झालं, अण्णा?"

मी पडदा आणखी घट्ट ओढून धरला!

"दत्तू? तू मारुतीला जातो म्हणून गेलास ना?"

"तुम्हीबी लेकीकडं गेला होता न्हवं?"

अण्णांनी विचारलं, "तुला कुठं दुखतंय?"

"मागं. मांडी घातली की."

"आणि रोज घालतोस?"



अण्णांनी मला पडदा बाजूला करायला सांगितलं. दोघांनी एकमेकांचे गुडघे पाहिले. दत्तोबांना उठायचं होतं, पण त्यांचा पाय मशीनला जोडलेला.

"पडून राहा," अण्णा म्हणाले. "उद्या सुताराला बोलव. गादी टेबलाएवढी उंच करून घ्यायची. उभ्यानं साड्या दाखवायच्या."

"पण अण्णा, लोक विचारतील. इतक्या वर्षांची गादी..."

"विचारू देत की. सांगायचं, मालकाचा गुडघा गेला. तुझं नाव काढायचं नाही."