आतला मोडेम आणि कार्डाचा

माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि ओळ शेवटाला खाली घसरते. चौथीनंतर पेन्सिल हातात आली ती वाण्याच्या यादीपुरती. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवते.

संपात गिरणी गेली तेव्हा यांच्या हातात काही आलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मुलीचं दादरचं ऑफिस बंद झालं, तेव्हा दोन महिन्यांच्या पगाराऐवजी तिला जुना लॅपटॉप मिळाला. म्हणजे एका पिढीत आमची एवढी प्रगती झाली.

त्यावर तिला काम मिळालं. परळच्या एका डॉक्टरांनी कॅसेटमध्ये बोललेली पत्रं घरी टाइप करायची आणि रोज संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवरून पाठवायची. महिनाभर बघतो, मग कायम करतो, असं ते म्हणाले. पण तारेवरून पाठवायला मोडेम लागतो आणि या लॅपटॉपला तोच नव्हता.

दुकानदाराने दोन प्रकार सांगितले. आतला नऊशे रुपये. लॅपटॉप उघडून बसवायचा, बिघडला तर अख्खा लॅपटॉप दुकानात. कार्डाचा बावीसशे. खेळायच्या पत्त्याएवढा चपटा, बाजूच्या खाचेत सरकवायचा, हवा तेव्हा काढायचा. उद्या दुसरा लॅपटॉप घेतलात तर त्यालाही चालेल, म्हणाला. जसं काही आम्ही दर दिवाळीला एक घेत होतो.

"बाबा, आतला घेऊ. तेराशे वाचतात," मुलगी म्हणाली.

"आत असतं ते मालकाचं," हे म्हणाले. "लूमचा जो भाग हाताने निघतो, तोच कामगाराला दुरुस्त करता येतो."

"ही लूम नाही, बाबा."

"लूमवाले साहेब पण असंच म्हणायचे, की तुला यातलं कळत नाही."

मला कुणी विचारलं नाही, कारण मी फक्त पैसे आणणार होते. माझंही मत कार्डाचंच होतं. बावीसशे रुपये द्यायचे तर काहीतरी डोळ्यांना दिसायला हवं.

पैसे मागितले शिवडीच्या मासेवाल्या मावशींकडे. पूर्वी माझ्या खोलीत गिरणीतली अठरा माणसं जेवायची, तेव्हापासून त्या आमच्या दारी यायच्या. संपात माणसं गावी गेली, खाणावळ बसली, तरी त्यांनी वर्षभर मासळीचे पैसे मागितले नव्हते.

"कशाला गो पैसे?"

"टेलिफोनवरून कागद पाठवायला."

"पोस्ट बंद झाली काय?" असं म्हणत त्यांनी कमरेची पिशवी सोडली. "नोटांना म्हावऱ्याचा वास येल. दुकानवाला घेल ना?"

दुकानवाल्याने घेतल्या.

पंधरा दिवस कार्ड छान चाललं. जोडताना ते शिट्टी मारायचं, मग घशात अडकल्यासारखं खरखरायचं. मजल्यावर फोन आमचा एकच, त्यामुळे तेवढा वेळ कुणाचे फोन येत नसत आणि शेजारणी दारात उभ्या राहून मोडेमचं बोलणं ऐकत.

मग दसरा आला. गिरणीत हे लूमची पूजा करायचे. संपानंतर पूजायला यंत्रच उरलं नव्हतं, माझ्या विळीवर भागवत होते. त्या दिवशी मुलगी झेंडू आणायला गेली होती. यांनी कार्ड बाहेर काढलं. निघत होतंच. पाटावर लॅपटॉप आणि त्याच्यापुढे कार्ड मांडलं, दोघांना हळदकुंकू लावलं, वरून अक्षता टाकल्या. मीच निरांजन दिलं हातात. मग त्यांनी कार्ड परत खाचेत सारलं.

"जरा अडतंय," ते म्हणाले आणि अंगठ्याने जोर दिला. विणकराचा अंगठा तो.

दुकानदाराने चिमट्याने खाचेतून तांदळाचा दाणा काढला आणि आत वाकलेल्या पिना दाखवल्या. "कार्ड एकदम उत्तम आहे. खाच गेली. आता आतलाच बसवा."

घरी येताना हे मुलीला म्हणाले, "बघ, कार्डाला काही झालं नाही." त्या आठवड्यात ती रोज फ्लॉपी घेऊन डॉक्टरांकडे चालत गेली. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तिला सांगितलं, घरून पत्रं येत नसतील तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल.

मला एकदा मागायची लाज, तिथे दुसऱ्यांदा. मावशींनी पाटी उतरवली तेव्हा मी मासळीकडे बघूनच म्हटलं, "आणखी नऊशे लागतील."

"पयले कुठं गेले?"

"यंत्राची पूजा केली. त्यात मोडलं."

मावशी पाटीशेजारीच बसल्या आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसल्या. "आमी होडी पुजतो गो, पण तिच्यात भोक नाय पाडत." नऊशे मोजून दिले.

आतला मोडेम कधी बिघडला नाही. मुलगी कायम झाली. कार्ड ट्रंकेत आहे, दसऱ्याला पाटावर येतं. हे अजून सांगतात, दुसऱ्या लॅपटॉपला चालेल.

मुलीच्या पगारातून दर महिन्याला तीनशे आणि मी मसाले कुटून शंभर, असे मावशींना देत गेलो. शेवटचे दिले त्या दिवशी मावशींनी नोटा दोनदा मोजल्या, कपाळाला लावल्या, कमरेच्या पिशवीत कोंबल्या.

"झाले ना सगळे?" मी विचारलं.

"एकतीसशे. झाले गो सगळे," त्या म्हणाल्या आणि पाटी डोक्यावर द्यायला मला हात लावायला सांगितलं.