जामीनदार भावोजी

ज्या पुण्यात पत्ता विचारणाऱ्यालाही लोक आपादमस्तक निरखतात, त्या पुण्यात परक्या पोरासाठी राहतं घर पणाला लावणारा माणूस एकच झाला, माझ्या नणंदेचे यजमान. आमचे भावोजी. सगळी नोकरी शाळेत पीटी शिकवण्यात गेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर असे, हजेरी. लग्नाच्या पंगतीतही आधी नावं पुकारणार, मग पानावर बसणार. निवृत्तीनंतरही शिट्टी गळ्यातच, घरी असले तर बनियनवर.

नव्या कंपन्या आल्या, वारज्याच्या शेतांत इमारती उठल्या, त्या वेळची गोष्ट. भावोजींच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नागपूरकडचा एक इंजिनियर मुलगा भाड्यानं राहायचा. त्याच्या ऑफिसातून कॉम्प्युटरचे भाग चोरीला गेले, शेवटचं कुलूप ह्यानं लावलेलं, म्हणून पोलिसांनी ह्यालाच धरलं. कोर्ट जामीन द्यायला तयार, पण पुण्यात त्याच्यासाठी उभं राहणार कोण? भावोजी घरपट्टीची पावती घेऊन निघाले. वकिलांनी पढवलं होतं, जुनी ओळख आहे म्हणून सांगा. न्यायाधीशांनी विचारलं, "किती वर्षं ओळखता?"

"ओळखत नाही साहेब. जिन्यात दिसतो."

"मग हा पळणार नाही कशावरून?"

"पळणारी पोरं मला पाठमोरीसुद्धा कळतात. आयुष्यभर पीटीच्या तासाला तीच धरली."

न्यायाधीश हसले म्हणे, पण जामीन मंजूर केला. अट अशी, की दर रविवारी पोलीस चौकीत हजेरी. हजेरी! भावोजींना तर स्वर्ग दोन बोटं उरला.

सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच म्हणाले, "सुटला म्हणायचा तुमचा चोर!"

"अहो, सुटला नाही आणि चोरही ठरलेला नाही," भावोजी म्हणाले. "निकाल लागेपर्यंत घरी राहायचं आणि बोलावलं की यायचं, याला जामीन म्हणतात. निकाल कोर्ट देईल. आपण सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला झाकण तेवढं बसवा." तरी सोसायटीनं त्या पोराला जागा सोडायला लावलीच. तो नदीपलीकडे मित्राकडे राहू लागला. रविवारी आधी भावोजींकडे पोहे, मग दोघं स्कूटरवरून चौकीत.

एका पावसाळ्यात खडकवासल्याचं पाणी सोडलं, पूल बंद झाला, आणि नेमका तो रविवार. पोह्यांचा गोळा झाला तरी पोरगा नाही. बंगलोरच्या नोकरीचं बोलत होता, गेला असणार, असं जो तो म्हणू लागला. तो गेला तर हे घरावर येणार होतं. नणंदेनं देव पाण्यात ठेवले. "वहिनी, ह्यांना समजवा हो, वकिलांना तरी फोन करू द्या," ती रडवेली होऊन म्हणाली. समजवायला गेले तर भावोजी चौकीच्या फाटकात, भिजलेले, शिट्टी तोंडात. मला म्हणाले, "वहिनी, उशीर आणि गैरहजेरी यात फरक असतो."

दुपार कलली तेव्हा चिखलानं माखलेला एक मुलगा धावत आला आणि लांबूनच ओरडला, "हजर, सर! पूल बंद आहे न, पार फिरून आलो!" भावोजींनी शिट्टी अशी फुंकली की चौकीतले हवालदार बाहेर आले.

पुढे खटल्याचा निकाल लागला. पोरगा निर्दोष. घरावरचं ओझं उतरलं, नणंदेनं पेढे वाटले, आणि तो अमेरिकेला गेला. मोकळा झाला तो, पण भावोजींनाच काही सुचेना. रविवारी सकाळी स्कूटर पुसायचे आणि तिथेच उभे राहायचे. नणंद म्हणायची, "अहो, सुटलात ना तुम्ही!"

मग एका रविवारी मी तिथे असताना त्या पोराचा फोन आला. भावोजींनी उचलला, ऐकलं, "बरं" म्हणाले आणि ठेवून दिला.

"अमेरिकेहून फोन, आणि एवढंच?" मी म्हटलं.

"हजेरीला एवढंच असतं, वहिनी," ते म्हणाले, आणि शिट्टी बनियनच्या टोकानं बराच वेळ पुसत बसले.