बाइंडरकाकू आणि सुधारलेली कादंबरी

वाचनालयाच्या एकुलत्या एका प्रतीवर मी कात्री चालवली, ती पूर्ण शुद्धीत आणि सदिच्छेने. आफ्रिकेतल्या एका खेड्यावरची जाडजूड कादंबरी होती. रविवारी वाचनालयात तिच्यावर माझं भाषण होतं. विषय भारदस्त : श्रेष्ठत्वाची भावना आणि सत्ता. टिपणं काढताना पुस्तक मिटू नये म्हणून त्यावर कोपर टेकून बसलो, तर पुठ्ठाच निघून आला. शिवणही उसवली. आत बघतो तर काय, पहिल्या पानाला सोळावं पान जोडलेलं! छापखान्यातल्या लोकांना धड आकडेही येत नाहीत, याची मला मनापासून कीव आली. मी सगळी पानं कापून सुटी केली, ओळीने लावली आणि गठ्ठा घेऊन बाइंडरकाकूंकडे गेलो. शाबासकी मिळेल म्हणून.

काकूंचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत शिरताना भल्याभल्यांना मान खाली घालावी लागते. दाबयंत्र, खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं आणि मधे काकू. वाचनालयाची पुस्तकं त्या तीस वर्षं शिवताहेत. शिवता शिवता वाचतातही, पण हाताशी येईल तो फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेली सोळा पानं. त्यामुळे रहस्यकथेतला खुनी त्यांना सकाळी कळतो आणि मेला कोण ते दुपारच्या चहानंतर. एका गाजलेल्या कादंबरीबद्दल त्यांचं मत मी स्वतः ऐकलंय : "नायक बावळट आहे, पण कागद चांगला."

गठ्ठा बघून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कोणी केलं?"

"मी! क्रम चुकला होता हो. सुधारला."

काकूंनी चार कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले, पानांवर एक ते सोळा आकडे घातले आणि सगळ्यात बाहेरचा कागद ओढून माझ्या नाकासमोर धरला. एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला सोळा.

"दोरा घडीतनं जातो, साहेब. घडीच कापलीत, आता शिवू काय?"

"पण हे कुणी सांगायला नको?"

"विचारलंत कुणाला?"

मग त्या पातळ कागदाच्या पट्ट्यांनी जोड्या पुन्हा सांधायला बसल्या. एकशे चार जोड्या. मी पट्ट्या पुढे करायला स्टुलावर बसलो. त्यातल्या निम्म्या उलट्या देत होतो.

दुसऱ्या दिवशी नेमके वाचनालयाचे चिटणीस टपकले. हे निवृत्त मुख्याध्यापक. सगळं जग अजून चौथीतच आहे अशी त्यांची समजूत. सुट्या पानांचा ढीग बघून ते कडाडले, "शिक्षण नसलं की असं होतं, बाई! कात्री दिसली की चालवायची! रविवारनंतर आमची पुस्तकं दुसरीकडे जातील."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या पायऱ्या खालून कशा दिसतात ते पाहिलं.

चिटणीस गेल्यावर मी म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका. अशा माणसांशी कसं बोलायचं, ते मला कळतं. सवडीने काढतो विषय."

"आत्ता तोंड कुणी शिवलं होतं? मी तर नाही शिवलं."

त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी फक्त "पट्टी" एवढंच बोलल्या. वाचनालयाचं काम गेलं तर त्या खोलीत उरणार फक्त खळ, हे मलाही दिसत होतं. पण पदवीधर माणसाने कात्रीची कबुली द्यायची म्हणजे!

रविवारी चाळीस खुर्च्या आणि नऊ माणसं. काकूंनी शिवलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि त्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मी सुरू झालो. कादंबरीतल्या खेड्यात नवा अधिकारी येतो. प्रत्येक घराची शेतं विखुरलेली, एक तुकडा टेकडीवर, एक नदीकाठी. हे लोक अडाणी, असं ठरवून तो ती कागदावर सरळ रेघा मारून एकत्र करतो. पुढच्या पुरात नदीकाठच्या घरांचं सगळंच पीक जातं. शेतं विखुरलेली का, हे त्याने कुणाला विचारलेलंच नसतं.

"आपण श्रेष्ठ आहोत असं एकदा वाटलं," मी हात उंचावून गरजलो, "की माणूस विचारायचं सोडतो आणि हुकूम द्यायला लागतो!"

"अगदी! अगदी!" पहिल्या रांगेतून चिटणीस मान डोलावू लागले.

पुढचा उतारा वाचायला पान उलटलं, तर बोटाला पट्टी लागली. आणखी एक उलटलं, तिथेही पट्टी. शेवटच्या रांगेत काकू हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"एक सांगायचंय," मी म्हणालो. आवाज बराच खाली आला होता. "हे पुस्तक काकूंनी कापलं नाही. मी कापलं. त्यांनी सांधलं."

चिटणीसांची मान डोलता डोलता थांबली. "तुम्ही? एवढे शिकलेले असून?"

"शिकलेला आहे म्हणूनच विचारलं नाही."

नऊ माणसं चाळीसजणांसारखी हसली. चिटणीस चष्मा पुसत बसले. मग उठून, घसा खाकरून, छताला उद्देशून म्हणाले, "बाइंडिंगचं काम आहे तिथेच राहील."

सभा संपल्यावर मी काकूंना दारातच गाठलं. आता एवढं केल्यावर निदान चहा तरी मिळेल अशा हिशेबाने म्हणालो, "बघा काकू, भर सभेत तुमची बाजू घेतली की नाही!"

"बाजू नाही घेतलीत, गुन्हा कबूल केलात."