शेजारची जागा

उभ्या उस्मानाबाद जिल्ह्यात नको ती वस्तू नेमकी हुडकून आणण्यात आमच्या आतोबांचा हात धरणारा माणूस जन्मला नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. अणदूरच्या अलीकडे, सोलापूर-हैदराबाद सडकेपासून थोडं आत त्यांचं गाव. जमीन काळीभोर, घरात शब्द चालायचा तो थोरल्या भावाचा, आणि आतोबांच्या वाट्याला आली होती ती नुसती हौस. त्यांनी दावणीचे दोर आणायला बाजारात जावं आणि बोलका म्हणून मुका पोपट घेऊन यावं. निजामी गेली, नवं सरकार आलं, त्या दिवसांत विहिरीवर बसवायला ऑइल इंजिन आणावं म्हणून थोरल्या भावानं त्यांना हैदराबादला धाडलं. आतोबा परत आले ते एका तांबड्या, बुटक्या, उघड्या मोटारीत बसून. कुणी साहेब गाशा गुंडाळून विलायतेला निघाला होता आणि त्याची ही दोनच माणसांची मोटार बंगल्याच्या फाटकात विक्रीला उभी होती. गाव वेशीत गोळा झालं. थोरल्या भावानं मोटारीभोवती एक फेरी मारून विचारलं, "इंजिन कुठाय?" आतोबांनी बॉनेट उघडून दाखवलं. "हे काय! आता त्याला चाकं हायती, त्यात माझा काय गुन्हा?" त्यानंतर पुष्कळ दिवस दोघा भावांत अबोला होता आणि विहिरीवर आपली मोटच चालू राहिली.

मी तेव्हा लोहाऱ्याला नवाच मास्तर म्हणून लागलो होतो आणि सुटी पडली की आत्याकडे जायचो. त्यामुळे त्या मोटारीतून मी जितका हिंडलो तितका दुसरा कुणी हिंडला नसेल. हिंडलो म्हणजे काय, पोचलो क्वचितच. मोटार इतकी ठेंगणी की म्हैस आडवी आली तर आतोबांना तिचं पोट तेवढं दिसायचं, आणि ज्वारी हुरड्याला आली की लांबून पाहणाऱ्याला नुसता एक गुलाबी फेटा पिकावरून सरकत चाललेला दिसायचा. समोरून बैलगाडी आली की आतोबा मोटार कडेला घेऊन इंजिन बंद करायचे, खाली उतरायचे, बैलांच्या कपाळावरून हात फिरवायचे, गाडीवानाच्या घरची ख्यालीखुशाली विचारायचे आणि गाडी दृष्टीआड झाल्यावर पुन्हा हँडल मारायला लागायचे. "जनावर बुजलं न्हाय पायजे. आपण सडकेवर पावणे, ती मालक." बाजाराच्या दिवशी तर सडकेवर मालकच मालक. एकदा मला शाळेला उशीर होत होता, तर आतोबा अगदी मनापासून म्हणाले, "मास्तर, तुमाला घाई असंल तर तुमी चालत पुढं व्हा." मी चालत गेलो आणि वेळेवर पोचलो.

तो फेटा हे एक वेगळंच प्रकरण होतं. उघड्या मोटारीत वारं भरलं की फेटा सुटायचा आणि मागं लांबच लांब फडफडत जायचा. फेटा सोडून टोपी घालावी असं कुणी सुचवलं तर त्यांना ती बेअदबी वाटायची. म्हणून त्यांनी फेट्याचा शेव धरून बसायला माणूस नेमला, आणि तो माणूस मी. बसायचं कुठं, तर मागं, जिथं कापडी टप घडी करून ठेवलेला असतो त्या टपावर. पाय आत सोडून, दोन्ही हातांनी फेट्याचा शेव आवळून मी लोहाऱ्याच्या बाजारातून जायचो आणि माझेच विद्यार्थी दोन्ही बाजूंनी वाकून नमस्कार करायचे. वर्गातला माझा दरारा तिथंच संपला. तो टप मात्र कधी कामाला आला नाही. अवकाळी सर आली की तो उघडायला आम्ही दोघं झटायचो आणि तो उघडेपर्यंत ऊन पडायचं. शेवटी आतोबांनी नाद सोडला आणि एका हातात छत्री, एका हातात चाक अशी मोटार हाकायला सुरुवात केली.

पोळ्याला तर त्यांनी कहरच केला. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागला तसा मोटारीच्या दोन्ही दिव्यांना लावला, अंगावर झूल घातली, आणि बैलांच्या मिरवणुकीत सगळ्यात शेवटी मोटार मारुतीला फिरवून आणली. परत आल्यावर आत्यानं बैलांना ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास भरवला. मग मोटारीलाही ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं. आतोबा हळूच म्हणाले, "आता वाईच बसून बघ." आत्या ताट घेऊन आत निघून गेली.

मोटारीचा सारा इतिहास या एका नकाराचा इतिहास होता. कारण मी मागं टपावर बसायचो ते काही नुसतं फेट्यासाठी नव्हे. आतोबांच्या शेजारची जागा सदा रिकामी असायची. आपल्याकडे सडकेवर कुणी हात दाखवला तर त्याला घेतल्याशिवाय पुढं जाणं हा अधर्मच. त्यामुळे माझ्या बाजूला टपावर कधी एखादा शेतकरी, कधी त्याचं करडू, कधी हरभऱ्याचं पोतं असायचं. पण शेजारच्या जागेवर आतोबा कुणाला टेकू द्यायचे नाहीत. एखादा म्हातारा म्हणायचा, "मालक, ही जागा मोकळी हाय की!"

"मोकळी न्हाय. मालकीण बसायची हाय तिथं."

"कवा?"

"बसंल की. जरा सबूर धरा."

सबूर त्यांनाच धरावी लागली. आत्या तुसडी नव्हती, भित्रीही नव्हती. पण मोठ्या घरातली सून बाहेर निघायची ती दमणीतून, म्हणजे टप घातलेल्या बैलगाडीतून, पडदा सोडून, मागं बसून. या मोटारीला मागं जागाच नव्हती. "अरे, भर बाजारातून, थोरल्या भाऊजींच्या देखत, उघड्यावर यांच्या मांडीला मांडी लावून बसू व्हय मी?" असं ती मला म्हणाली तेव्हा मला हसू आलं, पण तिला आलं नाही. आणि गंमत अशी, की मोटार घेतली होती तिच्यासाठीच. हे आतोबांनी मला एकदाच सांगितलं, तेही फेट्याचा शेव माझ्या हातात असताना, म्हणजे मागं न बघता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आत्या त्यांना सहज बोलून गेली होती, "तुळजापूरला लई बारी गेले, पण रस्ता कसा हाय ते म्या बघितलंच न्हाय. परदा आन् परद्याच्या फटीतनं बैलाची शेपूट." हैदराबादला फाटकात ती उघडी मोटार पाहिली आणि त्यांना ते वाक्य आठवलं. मागची जागा नाही हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. तसं कुठल्याच खरेदीत त्यांच्या ध्यानात काही यायचं नाही म्हणा.

मग ते अणदूरच्या खंडोबाचं दर्शन आलं. हा देव वर्षातले काही महिने अणदूरला राहतो आणि काही महिने नळदुर्गला मुक्काम हलवतो. "देवसुदीक जागा बदलतो, आन् तुला एक पाऊल हलवत न्हाय!" असं म्हणत आतोबांनी सकाळी मोटार बाहेर काढली. आत्या दमणीत, पडदा सोडून, दमणी हाकायला जुना गडी भिवा, मागं आम्ही. थोरले भाऊ घरीच थांबले होते. दर्शन झालं, भंडारा लागला, परत निघालो. ओढ्यावरच्या फरशी-पुलापाशी मोटार दोनदा खोकली आणि थांबली. आतोबा उतरले, माझ्याकडे पाठ करून बॉनेटमध्ये बराच वेळ डोकं घालून उभे राहिले आणि घरचं कुणी गेल्यासारखा चेहरा करून वर आले. "खल्लास! भिवा, दमणीचे बैल सोड आन् हिला जूप."

बैल मोटारीला जुंपले. दमणी बाभळीखाली बिनबैलांची उभी राहिली. आता आत्यानं बसायचं कुठं? ती खाली उतरून पदर सावरत उभी होती. आतोबांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि शेजारची जागा त्यानं लख्ख पुसली. शेवटी भिवाच म्हणाला, "बसा वैनीसाब. पुढं बैलं हायती, म्हंजी ही गाडीच की!"

आत्यानं बैलांकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं. "बैलं असल्यावर गाडीच म्हणायची," असं स्वतःशीच पुटपुटली आणि बसली.

त्या दिवशी वारं नव्हतं, वेगही नव्हता; मला धरायला काही नव्हतं. आतोबा मात्र दोन्ही हातांनी चाक धरून मोठ्या ऐटीत मोटार चालवत होते. हौसेनं त्यांनी एकदा हॉर्न वाजवला, तेव्हा बैल जागीच उभे राहिले आणि भिवानं मागं वळून असं पाहिलं की पुन्हा त्यांनी हॉर्नला हात लावला नाही. आत्या आधी मान खाली घालून बसली होती. मग हळूच वर पाहू लागली. "अवो, ही चिंचंची झाडं दोन्ही अंगानं हायती व्हय?" मग ती विहीर कुणाची, ते देऊळ कशाचं, तो डोंगर कुठला. आतोबा एकेकाचं नाव सांगत होते, जणू सारं त्यांनीच तिच्यासाठी विकत आणलं होतं. माझ्या आत्याला मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

गावाची वेस आली आणि पारावर थोरले भाऊ चारचौघांत बसलेले दिसले. आत्याचा चेहरा उतरला. "थांबवा, मी उतरते." आतोबांनी मुकाट्यानं ब्रेक दाबला. पण बैलांना घराचा वास आला होता. त्यांनी ब्रेकसकट मोटार फरफटत थेट पारापुढे नेली. थोरल्या भावांनी मोटारीकडे पाहिलं, मग तोंड दुसरीकडे फिरवून म्हणाले, "भिवा, बैलं दमली असतील. आधी पाणी पाज त्यांना."

एवढंच. पुढच्या वर्षी आम्ही अणदूरला निघालो तेव्हा त्यांनीच ओसरीवरून सांगितलं, "भिवा, एक बैलजोडी जास्तीची घे. दमणी फरशीपाशी अडकायला नको." आणि खरंच, एरवी ठणठणीत धावणारी मोटार खंडोबाहून येताना त्या फरशीपाशी दर साल बिघडायची, आणि दमणीला बैल असूनही दर साल आत्या 'नाइलाजानं' तिच्यात बसायची.

आता आतोबा नाहीत. मोटार गोठ्यात उभी आहे. तिच्यात कोंबड्या अंडी घालतात, पण चालवायच्या जागेवर. शेजारच्या जागेवरून आत्या त्यांना हुसकते. परवा तिथं उभं राहून मी तिला विचारलं, "आत्या, त्या फरशीपाशीच नेमकं काय बिघडायचं हो?"

"बिघडतंय काय! इंजिनाचा कसला तरी तुकडा काढून बंडीच्या खिशात टाकायचे. मांडीला मांडी लागली की टोचायचा मला."

"पहिल्या वर्षापासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग तुम्ही बोलल्या कशा नाहीत?"

आत्यानं पदरानं ती रिकामी जागा पुसली. "बोलले असते तर मोटार चालू झाली नसती व्हय?"